लाल गाडीचा इसार

गाडी लाल आहे, एवढंच शिवमभाऊनं घरून निघताना सांगितलं. बाकी काही विचारलं की तो म्हणायचा, "तूच बघ ना सोने, तुला त्याच्यासाठीच नेतोय." बिडकीनहून शहरात शिरेपर्यंत मी विचारत राहिले आणि तो गाणी बदलत राहिला.

आमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. मोबदल्यातली शेवटची मोठी रक्कम अजून बँकेत होती. ती कशात घालायची, हा घरातला एकच विषय. गल्लीतल्या लोकांनी नव्या कोऱ्या गाड्या घेतल्या होत्या. भाऊचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मला धड खोडताही येत नव्हतं. "चार चाकाची कोणतीबी वस्तू शोरूमच्या बाहेर आली की भाव उतरतो. जुन्या स्पोर्ट्स कारचा तेवढा चढतो. जमिनीसारखा." अप्पा, म्हणजे आमचे वडील, यावर बँकेचं पासबुक काढून बसले. मग म्हणाले, "सोनी हो म्हणली तर घे." मी फिजिक्सची एम.एस्सी., वाळूजच्या कारखान्यात इंजिनाचे सुटे भाग तपासते. घरच्यांच्या हिशेबानं एवढं पुरेसं होतं.

समर्थनगरातल्या बंगल्यामागं, पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. दोनच सीटा, लांबलचक नाक, साठच्या दशकातली इंग्लिश बनावट. मालक अनंतराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या थोरल्या भावानं हैदराबादहून आणली होती. देखणी होती, यात वाद नाही. मी वाकून खालून हात घातला. जमीन आणि गाडीचं पोट यांत माझी वीतसुद्धा मावेना.

"भाऊ, पैठण रोडच्या पहिल्या स्पीडब्रेकरवर पोट घासंल हिचं."

"चालवायची कुणाला? ठेवायची."

"ठेवायची कुठं?"

"गोठ्यात. रिकामाच हाय ना आता."

चारा मिळेना म्हणून जनावरं गेल्या महिन्यात पाचोडच्या बाजारात गेली होती.

अनंतरावांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. अशीच गाडी, लंडनचा लिलाव, खाली आकडा. भाऊनं तो आकडा मला रुपयांत करून सांगितला, तोही दोनदा.

"ती तिकडं विकली गेली काका," मी म्हणाले. "इथं कुणी घेतली का अशी?"

"इथं दर्दी कुठं आहेत, ताई?"

"म्हणजे उद्या आम्हाला विकायची झाली तर?"

"तोवर दर्दी वाढतील ना! शहर बघा केवढं वाढतंय."

भाऊनं अशी मान डोलावली की मला त्याला चिमटा काढावासा वाटला. सुटे भाग कुठं मिळतात? "हिला काही लागतच नाही." इंजिन मूळचंच आहे का? "अगदी ओरिजिनल." शेवटची कधी चालवली? "तशी चालूच असते." शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या यमुनाबाई, त्यांच्या पत्नी, हसल्या. "चालू? मागच्या दिवाळीत ढकलून बाहेर काढली होती. पुसायला."

शेवटी मी म्हणाले, "इंजिन सुरू करून दाखवा. त्याशिवाय माझं काही मत नाही."

भाऊनं आमच्या जीपची बॅटरी जोडली, पेट्रोलचा कॅन आणला. रेडिएटर मात्र कोरडा होता. गंजू नये म्हणून मुद्दाम कोरडा ठेवलाय, असं अनंतराव म्हणाले. पाणी लागणार होतं, आणि पाणी यमुनाबाईंच्या ताब्यात होतं.

"गाडीला पाणी? नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, ते पण करंगळीएवढं. जायकवाडीत काय उरलंय माहितीये ना?"

"अगं, लाखांचा व्यवहार आहे."

"असू दे. लाखांनी वरण शिजतं का?"

अनंतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "काकू, काम झालं की काढून परत देते. झाडांना तरी होईल."

"मोजून देईन, मोजून घेईन," त्या म्हणाल्या आणि खरंच लिटरचं माप घेऊन आल्या. सहा मापं रेडिएटरमध्ये गेली. मी झाकण घट्ट लावलं.

चौथ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. आवाज इतका भरदार होता की भाऊनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मी सायलेन्सरमागं जाऊन उभी राहिले. पांढरा धूर येत होता. "थंडीचा आहे," अनंतराव म्हणाले. एप्रिल होता.

थोड्या वेळानं बंद करायला लावलं. इंजिन निवल्यावर मी खालची तोटी उघडली, इंजिनाच्या ब्लॉकचीही उघडली, आणि बादली धरली. यमुनाबाई माप घेऊन बसल्या. चार भरली, पाचवं अर्ध्यावर थांबलं.

"दीड लिटर कुठंय?"

"आत थोडं राहतं काकू," मी म्हणाले. पण थोडं म्हणजे दीड लिटर नव्हे. शेडची फरशी कोरडी ठणठणीत होती. झाकण बंद होतं, म्हणजे वरून वाफही गेली नव्हती. मी ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. ऑइल वाढलं होतं, खुणेच्या कितीतरी वर, आणि रंग ताकासारखा झाला होता.

"भाऊ, हे बघ. पाणी ऑइलमध्ये उतरतंय. दोन्ही वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलंय, नाहीतर ब्लॉकला भेग आहे."

मला वाटलं, झालं. पुरावा पट्टीवर होता, बोटाला लागत होता. अनंतरावांचा चेहरा पडला. पण भाऊचा उजळला.

"मग काका, भाव कमी करा," तो म्हणाला.

"अरे, भाव कमी व्हावा म्हणून मी नाही सांगितलं! मी सांगतेय—"

"कळलं गं. किती कमी करता, काका?"

ते दोघं बोलायला लागले. दोषाची सवलत झाली होती, आणि ती मीच मिळवून दिली होती. यमुनाबाई बादलीतल्या तांबूस पाण्याकडं बघत म्हणाल्या, "हे आता झाडांनासुद्धा चालायचं नाही." त्यांच्याकडंही कुणी लक्ष दिलं नाही.

मी अप्पांना फोन लावला. नाही म्हणायचं ठरवूनच. भेगेपासून सुट्या भागांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी बिघाड हाय."

"व्हय अप्पा. मोठा."

"पर दुरुस्त व्हतो का नाय?"

इथं खोटं बोलले असते तर विषय संपला असता. नुसतं 'नाय' म्हणायचं होतं. पण मला माहीत नव्हतं. गॅस्केट असेल तर होतं, भेग असेल तर बहुतेक नाही, आणि इंजिन उघडल्याशिवाय दोन्हीतलं काय ते कुणालाच सांगता येत नाही.

"होतो," मी म्हणाले, "पण—"

"मंग झालं की. घिऊ दे त्याला. जमीन गेल्यापसून पोरगं कशातच मन घालीना. मला वाटलंच व्हतं तू हो म्हणशील."

"अप्पा, मी हो नाही म्हणले."

भाऊनं माझं 'होतो' तेवढं ऐकलंच होतं. त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि नोटा अनंतरावांच्या हातावर ठेवल्या. जमिनीच्या व्यवहारात ठेवतात तशा, दोन्ही हातांनी. "इसार धरा काका. बाकी सोमवारी."

"पण भेग असली तर नाही होत दुरुस्त," मी फोनमध्ये म्हणाले. "आणि तपासायला इंजिन उतरवावं लागंल, आणि तसं उतरवणारा इथं—"

मी फोन कानावरून काढून बघितला. अप्पांनी फोन कधीच ठेवला होता.