आठ सेकंद उशिरा

शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या, आणि निरोप समारंभातल्या माइक-स्पीकरचं काम त्यांच्या जावयानं अंगावर ओढून घेतलं होतं. लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासूबाई त्याला ‘अहो जावईबापू’ म्हणत, खुर्चीवरून उठू देत नसत, पाणीसुद्धा हातात आणून देत. आपण या घरातली फक्त पाहुण्यांसाठी काढायची कपबशी आहोत, असं त्याला वाटायला लागलं होतं.

सभागृह लांबलचक. पुढचा आवाज मागे पोचायला पापणी लवेल इतका वेळ लागतो, म्हणून मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायचा असतो. दुकानदारानं बजावलं होतं, “ऐंशी मिलिसेकंद ठेवा.” यंत्रावर मात्र सेकंदच होते. जावयानं मनातल्या मनात भागाकार केला आणि आठचा आकडा लावला. माइकमध्ये “हॅलो” म्हणून पाहिलं, पण मागून काही यायच्या आत बायकोनं फोटोसाठी हाक मारली.

बाई बोलायला उभ्या राहिल्या. “छळ तर खूप झाला माझा, पण मी एकालाही सोडलं नाही!”

माजी विद्यार्थी खो खो हसले. बाई पुढे म्हणाल्या, “आता आमच्या यजमानांविषयी दोन शब्द.”

तोच मागून त्यांचाच आवाज गरजला, “छळ तर खूप झाला माझा, पण मी एकालाही सोडलं नाही!”

पहिल्या रांगेत यजमानांनी मान खाली घातली.

बाई भडकल्या. “मागे कोण नकला करतंय? उभं राहा!”

मागच्या दोन रांगा जुन्या सवयीनं उठल्या. त्यात एक टकले डॉक्टर होते, एक आजीबाई झालेली विद्यार्थिनीही होती. थोड्या वेळानं मागूनही “उभं राहा!” कडाडलं, तसे प्रमुख पाहुणेही हात बांधून उभे राहिले. तेही बाईंच्याच हाताखालून गेले होते.

बाईंनी माइक बंद केला. “यंत्र कुणी लावलंय?”

“मी,” जावई पुटपुटला. “ऐंशी मिलिसेकंद सांगितले होते, म्हणून आठ सेकंद लावले.”

“आठ कसे?”

“दहा मिलिमीटरचा एक सेंटीमीटर... तसंच दहा मिलिसेकंदांचा एक...”

“अरे गाढवा! सेंटीमीटर हा मीटरचा तुकडा, सेकंद अख्खा असतो! अख्ख्या मीटरमध्ये मिलिमीटर किती?”

“हजार.”

“मग सेकंदात मिलिसेकंद?”

“हजारच.” त्यानं ओठ हलवत हिशेब केला. “म्हणजे... शून्य पूर्णांक शून्य आठ!”

“मग बघतोस काय? लाव!”

सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. फक्त बाईंच्या मुलीनं कपाळाला हात लावला. आईनं चारचौघांत जावयाला गाढव म्हटलं होतं!

भाषण मग तासभर चाललं आणि शेवटच्या रांगेपर्यंत इतकं स्वच्छ पोचलं, की कुणाला डुलकीही काढता आली नाही.

समारंभ संपल्यावर बाई ओशाळून जवळ आल्या. “जावईबापू, मघाशी तोंडातून भलतंच गेलं...”

“छे हो आई! तसंच बोलत जा. बरं वाटलं.”

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

“बरं. मग ते टेबल उचल आणि आत नेऊन ठेव. आणि वायरी नीट गुंडाळ, गुंता करू नकोस.”

जावई टेबल घेऊन अशा काही उत्साहानं सुटला, की दाराच्या चौकटीचा टवकाच उडाला.

“डोळे कुठे आहेत तुझे?” मागून सासूबाई ओरडल्या.