खांद्यावरच्या बाटल्या

"डॉक्टर नाही, नर्स नाही, मग होणार तरी काय तू?" बी.एस्सी.ला सार्वजनिक आरोग्य हा विषय घेतला तेव्हा पप्पांनी विचारलं होतं. पप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. लोक आजारीच पडू नयेत म्हणून काम करणारी होणार, हे माझं उत्तर त्यांना काही पटलं नव्हतं. पाड्यावरच्या लंकाबाईच्या ओट्यावर तिची लेक साळू मांडीवर घेऊन बसले, तेव्हा मलाही पटेनासं झालं.

साळू दोन वर्षांची. दुपारी अचानक जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि बघता बघता पोर गळून गेली. डोळे खोल गेले होते. ती रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली. पुस्तकात हे सगळं वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. अंगातलं पाणी आटल्याच्या त्याच खुणा आता माझ्या मांडीवर होत्या.

हरसूलजवळच्या या पाड्यावर आमच्या कॉलेजचं शिबिर होतं. आश्रमशाळेत मुक्काम, रोज सकाळी जीपने इथे यायचं, विहिरीत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची आणि घरोघर स्वच्छ पाण्याचं महत्त्व सांगत फिरायचं. एवढं करूनही जुलाबाची साथ उसळली होती, आणि का, ते कुणालाच कळत नव्हतं. खैरनार सर दोघा-तिघा म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. बाकीची मुलं दुसऱ्या पाड्यावर. इथे राहिलो मी आणि सृष्टी.

"सरिता, जीप येईपर्यंत थांबूया ना," सृष्टी कुजबुजली. "काही झालं तर आपल्यावर येईल."

"थांबलो तर होईलच," मी म्हणाले.

जलसंजीवनीची पुडी काढली. आमच्या बाटल्या रिकाम्या होत्या, सगळं पाणी जीपमधल्या म्हाताऱ्यांना दिलं होतं. लंकाबाईने हंड्यातून पाणी आणून दिलं. सवयीने मी त्यातलं थोडं तपासणीच्या नळीत घेतलं आणि औषधाचे थेंब टाकले. पाण्यात पावडर असली की ते पिवळं होतं. हे जसंच्या तसं राहिलं.

"हे विहिरीचं नाही?"

"झिऱ्याचं हाय. ओहोळातलं."

त्या ओहोळात पाड्यावरची सगळी गुरं बसतात. "सकाळीच पावडर टाकलीय ना विहिरीत! मग झिऱ्यावर कशाला जाता?"

"पावडर टाकली तवापासनं कोन बी नाय जात हिरीवर."

"का पण?"

लंकाबाईने माझ्या खांद्यावरच्या बाटलीकडे बघितलं. "तुमी पेता का ते पानी? रोज येता, पावडर टाकता, तहान लागली का आपली बाटली काढता. परवा कुसाबाईनं तांब्या पुढं केला, तं या ताईनं हात जोडले. ज्यानं टाकलं तोच पेत नाय, मंग आमी का प्यावं?"

सृष्टीने मान खाली घातली. माझं डोकं सटकलं. लंकाबाईवर नव्हे, खैरनार सरांवर. "गावचं पाणी प्यायचं नाही. तुम्ही आजारी पडलात तर घरच्यांना मी काय सांगू?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि आम्ही सगळी शहाणी मुलं बाटल्या लटकवून पाणी किती सुरक्षित आहे ते सांगत हिंडत होतो. साथ का उसळली, ते आता कळलं होतं.

पण साळूला त्याचा काय उपयोग? तिचं रडणं मंद होत चाललं होतं. तिला सृष्टीकडे देऊन मी विहिरीवर धावले. घागर भरून आणली, नळीत पाणी घेतलं. पिवळं झालं. तोवर ओट्यासमोर बायका जमल्या होत्या. पातेल्यात पुडी कालवून चमचा पुढे केला, तर लंकाबाईने साळूला ओढून छातीशी धरलं.

"आदी तुमी."

मी तांब्या भरला आणि सगळ्यांच्या देखत रिकामा केला. पावडरचा वास नाकात गेला, घशाला झोंबला, पण तोंड वाकडं होऊ दिलं नाही. लंकाबाई माझ्याकडे बघत राहिली. मी पडते का, याची ती वाट बघतेय असं वाटलं. मग तिने साळूचं तोंड माझ्याकडे वळवलं.

चमचा, थांबणं, पुन्हा चमचा. पहिले चमचे तिने ओकून टाकले तेव्हा बायकांत कुजबुज झाली. सृष्टी म्हणाली, "दे, मी पाजते." आळीपाळीने पाजत राहिलो. हळूहळू साळू चमच्यासाठी तोंड पुढे करू लागली, पण मान अजून धरत नव्हती.

जीप आली. खैरनार सर उतरले, धुळीने माखलेले, आणि त्यांचा हात बाटलीच्या झाकणाकडे गेला. ओट्यासमोरच्या सगळ्या बायका त्या हाताकडे बघत होत्या.

"सर, थांबा." मी विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. "हे प्या."

"सरिता, आपलं काय ठरलं होतं?"

"त्या बाटल्या बघूनच विहीर सोडलीय यांनी. झिऱ्याचं पाणी पितायत सर!"

सरांशी असं कुणी बोलत नसे. ते लाल झाले. मग त्यांची नजर साळूवर गेली. तांब्या हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि तो तळापर्यंत रिकामा केला. कुसाबाईने कडेवरचा झिऱ्याच्या पाण्याचा हंडा अंगणात ओतला आणि विहिरीची वाट धरली. मागोमाग बाकीच्या निघाल्या.

"पोरीला गाडीत घ्या," सर म्हणाले.

मी पातेलं घेऊन मागे चढले. ड्रायव्हरने हॉर्न दाबला तशी साळू दचकली आणि भोकाड पसरून रडायला लागली. लंकाबाईने पदर उचलला.

"पुसू नका," मी म्हणाले. साळूच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मला ते डोळे भरून बघायचं होतं.