नळीतलं लाल पाणी

आमच्या बाबांना वाकडं काही सहन होत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर नखभर कललं तरी ते जेवता जेवता उठतात. तीस वर्षं गवंडीकाम केलं की माणसाच्या डोळ्यातच पाणसळ बसत असावी. लहानपणी मी त्यांच्याबरोबर कामावर जायचे तेव्हा पातळी जुळवायची ती लांबलचक पारदर्शक नळी धरायचं काम माझं असायचं. नळीत पाणी, एक टोक माझ्या हातात, दुसरं बाबांच्या. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं की बाबा ओरडायचे, "बरोबर!" आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने, "बरोब्बर!" या एवढ्या आनंदावर मी आख्खा दिवस उन्हात उभी राहायचे.

आम्ही राहतो ती चार मजली इमारत बाबांनीच बांधली. म्हणजे बिल्डरने बांधली, हात बाबांचे. आधी इथे मशीनचे सुटे भाग धुवायचा कारखाना होता. कसल्याशा द्रावणात भाग बुडवायचे, ग्रीस निघून जायचं, आणि उरलेलं द्रावण वर्षानुवर्षं मागच्या मोकळ्या जागेत ओतून द्यायचे. ते जमिनीत मुरलं ते मुरलंच. म्हणून आमच्या फरशीखाली आधी खडी, खडीत भोकाभोकांचा पाइप, वर जाड प्लॅस्टिक आणि मग काँक्रीट. तो पाइप जिन्याच्या कोपऱ्यातून थेट गच्चीवर जातो आणि तिथे एक पंखा आहे. जमिनीतून उठणारी वाफ घरात शिरू नये म्हणून पंखा ती ओढून वर आभाळात सोडतो. काम संपल्यावर बिल्डरने बाबांना इमारतीच्या देखभालीचं काम दिलं आणि राहायला तळमजल्यावरच्या दोन खोल्या.

जिन्यातल्या त्या पाइपवर, छातीएवढ्या उंचीला, घोड्याच्या नालासारखी वळलेली एक काचेची नळी आहे. आत लाल पाणी. पंखा बसवणाऱ्या इंजिनिअर बाईंनी बाबांना दहा मिनिटांत सगळं समजावलं आणि जाता जाता म्हणाल्या, "रोज एकदा बघायचं, वहीत लिहायचं. काही बिघडलं तर मला फोन." बाबांनी मान डोलावली. शिकलेलं माणूस घाईत असलं की बाबा नुसती मान डोलावतात.

लाल पाणी वाकडं होतं. डावीकडे एक बोट वर, उजवीकडे एक बोट खाली. बाबांनी आपली बुडबुड्याची पाणसळ आणून नळीला लावून पाहिली. नळी तर सरळ! पाच महिने ते वहीत "एक बोट फरक" असं लिहीत राहिले आणि प्रत्येक वेळी घरात येऊन पुटपुटत राहिले, "बाई एवढ्या हुशार, पण काम कच्चं."

"अहो, मग फोन करा ना त्यांना," वहिनी म्हणायची.

"बाईमाणसाला तिच्या कामातली चूक दाखवायची? बरं दिसतं का?"

वहिनीबद्दल सांगायलाच हवं. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि त्यानंतर मी बोलणंच सोडलं होतं. शाळेत मला मुकी म्हणायचे. दादा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मग त्याचं लग्न झालं आणि वहिनी आली, शिलाई मशीन घेऊन. तिने मला आरशासमोर उभं केलं आणि म्हणाली, "मला ऐकू येईल असं बोल. मी मशीन चालवतेय, लक्षात ठेव." खडखड खडखड त्या मशीनवर मात करायला शिकले मी! या वर्षी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर बोलले, माइक बंद पडला तरी थांबले नाही. तेव्हापासून दादा मला भोंगा म्हणतो. म्हणू दे.

तर असा भोंगा घरात असताना वही बाबांकडे कशाला? मी मागून घेतली. रेघा आखल्या, चार रंगांची पेनं आणली, तारीख, वार, वेळ, नोंद, सगळं टापटीप. आणि लगोलग मला पहिलं मोठं कामही मिळालं. चौथ्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहतात, एकटे. गच्चीतल्या पंख्याची घरघर नेमकी त्यांच्या पलंगावर.

"अगं, डोक्यात भुंगा शिरल्यासारखं होतं," ते म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं आहे. बिल्डरच्या ऑफिसला एक अर्ज लिही."

मी कसला अर्ज लिहिला म्हणून सांगू! 'ज्येष्ठ नागरिकांची निद्रा' वगैरे. स्वतः नेऊन दिला, काउंटरवरच्या माणसाकडून शिक्का मारून घेतला. अकराव्या दिवशी घरघर थांबली. मास्तर जिना उतरून खाली आले, गुडघे धरत, फक्त मला सांगायला. "बंद झालं गं! बाळा, तू वकील होणार." मी जिन्यातच उडी मारली आणि सवयीने नळीकडे पाहिलं.

लाल पाणी एका रेषेत!

"बाबा! बाबा, इकडे या! बरोबर आलं!"

बाबा हात पुसत आले. डोळा बारीक करून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "आलं की," म्हणाले. "येऊन दुरुस्त करून गेलेले दिसतात. आवाजही गेला आणि पाणीही सरळ." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या अर्जाने झालं हे."

त्या दिवशी मी हिरव्या पेनाने लिहिलं, 'बरोबर'. खाली दोन रेघा मारल्या.

दोन महिन्यांनी वहिनीने बातमी सांगितली. दादाला फोनवर, मला आणि बाबांना चहा गाळताना. मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्यांनी दार उघडून विचारलं काय झालं. त्या दिवशीच्या 'बरोबर'पुढे मी एक फूल काढलंय. वहिनीला सकाळी डोकं जड व्हायचं, ती म्हणायची होणारच, दिवसच तसे आहेत. दिवसभर ती आतल्या खोलीत मशीनवर असायची. तिथे फरशीतून नळाचे पाइप वर येतात. गार वाऱ्याने आजारी पडेल म्हणून खिडकी मी लावून घ्यायचे. मीच.

इंजिनिअर बाई आल्या त्या दिवशी मी शाळेतून नुकतीच आले होते. त्यांनी जिन्यात पाऊल टाकलं आणि नळीकडे पाहून तिथेच थांबल्या. मग कान वर करून ऐकलं.

"पंखा कधीपासून बंद आहे?"

"बंद नाही, दुरुस्त झालाय," मी म्हणाले. माझा आवाज छान खणखणीत होता. "मी अर्ज केला होता. आता आवाज येत नाही. आणि पाणी पण बरोबर आहे, बघा ना."

"वही दे."

मी वही दिली. खरं सांगते, मला वाटलं आता कौतुक होणार. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं, तिसरं. मग उलटतच राहिल्या.

"बाळ, पंखा ओढत असतो तेव्हा पाणी एका बाजूला चढतं. चढायलाच हवं. दोन्हीकडे सारखं म्हणजे खालून काहीच ओढलं जात नाहीये."

"पण ते... बरोबर आलं होतं," मी म्हणाले.

बाबा दारात उभे होते. "वाकडं होतं तेव्हा चालू होतं?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"म्हणजे आम्ही उलटं..." बाबांनी भिंतीला हात टेकला. "तुम्ही म्हणालात बिघडलं तर फोन करा. बिघडलं कुठे होतं? सुधारलं होतं ना बाई!"

बाईंनी वही बगलेत धरली. मग म्हणाल्या, "मी सहा महिन्यांनी यायला हवं होतं. अकरा झाले. अशा चाळीस इमारती आहेत माझ्या एकटीकडे." त्या गच्चीवर जाऊन आल्या. पंख्याची मोटर जळली होती. दुरुस्तीला कुणी आलंच नव्हतं. माझा अर्ज शिक्क्यासकट कुठल्या तरी ट्रेमध्ये पडून असणार.

"पण प्लॅस्टिक मी स्वतः अंथरलंय," बाबा म्हणाले. "एक चीर नाही. सांधे दोन-दोनदा चिकटवलेत."

"तुमचं काम चांगलंच आहे. पण जिथून नळाचे पाइप वर येतात तिथून केसाएवढी फट पुरते. म्हणून तर पंखा." आणि मग त्यांनी विचारलं, "घरात दिवसभर कोण असतं?"

तेवढ्यात आतून वहिनी आली. टेप गळ्यात, एक हात पोटावर. "बसा ना बाई, चहा टाकते," म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "कितवा?"

"पाचवा."

बाई वहीतल्या तारखा बोटाने मोजायला लागल्या. मला मोजायची गरज नव्हती. एकशे त्रेपन्न 'बरोबर'. नोंदींना क्रमांक मीच घातले होते.

वहिनीला त्यांनी लगेच वर पाठवलं. मास्तरांनी आपला पलंग दिला आणि स्वतः आरामखुर्चीत गेले. आमच्या आतल्या खोलीत बाईंनी तपासणीसाठी स्टीलचा एक गोल हंडा ठेवला. तो चोवीस तास थोडी थोडी हवा आत घेत राहतो म्हणे. खोली बंद. बाबा बाहेर स्टुलावर बसून राहिले, आत कुणी आजारी असावं तसे. मी त्यांना म्हणाले, "बाबा, कसला वाससुद्धा येत नव्हता हो."

"वास आला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवा पंखा बसला. लाल पाणी डावीकडे चढलं. बाबांनी पाहिलं आणि मान फिरवली. दहा दिवसांनी बाईंचा फोन आला. मोठ्या माणसांना चालेल त्यापेक्षा हवेतलं त्या वाफेचं प्रमाण अठरा पट होतं. आणि पोटातल्या बाळाला? "त्याचा आकडा मी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "सोनोग्राफी करून घ्या. हृदयाची मुद्दाम करा."

आम्ही सगळे गेलो. दादा ट्रक सोडून आला होता. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. आम्हाला नुसतं करडं धुकं दिसत होतं आणि त्यात काहीतरी घाईघाईने उघडमीट करत होतं.

"हृदयाच्या कप्प्यांमधली भिंत पूर्ण झालेली नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि एक झडपही नीट तयार झालेली दिसत नाही."

"भिंत?" बाबा पुढे झाले. "किती राहिलीय?"

"बरीच."

"पुढे होईल ना पुरी? अजून चार महिने आहेत."

"नाही काका. ती व्हायची वेळ गेली. जन्मल्यावर बघू, ऑपरेशन झेपतंय का ते. मी तुम्हाला खोटी आशा लावत नाही."

"त्या हवेमुळे झालं का?" दादाने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"तसं असू शकतं. नसूही शकतं. कारणाशिवायही होतं असं. कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून कुणाला तरी सुटल्यासारखं वाटेल. कुणालाच वाटलं नाही. दादा परत ट्रकवर जाईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. जाताना भोंगाही म्हणाला नाही, नुसतं "येतो."

वहिनी अजून वरच राहते. हवा आता ठीक आहे, बाईंनी दोनदा तपासली, तरी ती खाली येत नाही आणि तिला कुणी म्हणतही नाही. मशीन आम्ही वर चढवलं, पण ते बंदच आहे. पंखा मास्तरांच्या डोक्यावर घरघरतो. मास्तर आता मधेच वाचन थांबवून ऐकतात, चालू आहे ना. एकदा ते मला म्हणाले, "अर्ज मीच लिहायला लावला." मी म्हणाले, "नाही हो मास्तर." एवढंच. शाळेसमोर अर्धा तास बोलणारी मी, तीन शब्द बोलून जिना उतरले.

काल बाईंनी ऑफिसच्या फाइलसाठी वही मागवली. द्यायला निघाले तर वहिनी म्हणाली, "आण इकडे, मला बघू दे."

मला द्यायची नव्हती. दिली. ती पलंगावर टेकून पानं उलटत बसली. हिरवं बरोबर, निळं बरोबर, जांभळं बरोबर. फुलाशी थांबली. त्यावर बोट ठेवून तिने खूप वेळ पाहिलं. मी पलंगाच्या कडेला उभी होते. मला वाटत होतं तिने ओरडावं, वही फेकावी, आरशासमोर उभं करून विचारावं, आता बोल.

"वहिनी," मी म्हणाले.

"हं."

"काहीतरी बोल ना."

तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "अक्षर सुंदर आहे गं तुझं," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी खाली आले. जिन्यात बाबा नळीसमोर उभे होते, हात मागे बांधून. डावीकडे एक बोट वर, उजवीकडे एक बोट खाली.

"लिही," ते म्हणाले.

नवी वही होती. पहिलं पान. मी काळ्या पेनाने तारीख घातली, वार घातला, वेळ घातली. पुढे लिहिलं, 'एक बोट फरक'. बाबांनी वाचलं, परत नळीकडे पाहिलं, आणि नकळत त्यांची मान थोडी डावीकडे कलली, ते पाणी सरळ दिसावं म्हणून.