फक्कीची रिंगणं

गडमुडशिंगीच्या मागच्या माळाला गावात सगळे ओसाड म्हणत. अनुजा मात्र दर रविवारी शिवाजी पेठेतून गाडी काढून तिथं हजर. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं सुट्टीदिवशी गवतात पालथं पडावं, ही गुराख्यांची फुकटची करमणूक. ती पडायची कंदीलपुष्पासाठी. बोटभर उंचीचं, जांभळट, पायाशी असलं तरी दिसणार नाही असलं फूल. इथंच मूठभर रोपं उरली होती. आसपासचे सगळे माळ पालथे घातले, तरी दुसरीकडं तिला एकही मिळालं नव्हतं.

यंदा गावानं त्याच माळावर झाडं लावायचं काढलं. एवढ्या चांगल्या कामाला आडवं तरी कसं जायचं? अनुजा सरपंच हंबीररावांच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिली.

"तेवढी जागा सोडूया की म्याडम," ते म्हणाले. "खूण करून ठेवा. पोरास्नी सांगतो मी."

तिनं भावाच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून मैदान आखायची फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, आणली आणि एकेका रोपाभोवती पांढरं रिंगण काढलं. शेंगा धरल्या होत्या. आठवडाभरात बी हाती आलं असतं. ती निर्धास्त झाली.

वृक्षारोपणाच्या सकाळी ती पोचली, तेव्हा खड्डे पाडायचं यंत्र काम उरकून थांबलं होतं. यंत्रवाला कृष्णात घाम पुसत होता.

"लई सोपं झालं बघा. कुणीतरी आधीच आखून ठिवलंतं. रिंगण दिसलं की खड्डा घ्यायचा, झालं."

अनुजा खड्ड्यांकडं धावली. बिचाऱ्याचं काय चुकलं? फक्की दिसेल तिथं खड्डा, हेच तर त्याचं काम. हे तिलाच सुचायला हवं होतं. ती मातीच्या ढिगाशी बसली. रोपांच्या इवल्या कंदांच्या पार चिंधड्या झाल्या होत्या. शेंगा हिरव्याकच्च, बी भरलंच नव्हतं.

हंबीरराव रोप घेऊन आले. "एक तुमच्या हातानं, म्याडम."

"दादा, ही जागा सोडायची ठरली होती."

"सांगायचंच राह्यलं की ओ," ते हळू आवाजात म्हणाले. मग रोप पुढं करत म्हणाले, "आता खड्डं तर पडल्यात. मोकळं ठिवून तरी काय करायचं?"

तिनं रोप घेतलं, पिशवी फाडली आणि खड्ड्यात उतरवलं. माती लोटताना तिला रडू आवरेना. रांगेत उभ्या शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.