साडेतीनचा खेळ

“खेळ रद्द झाला असं साडेतीनच्या आधी कुणाला सांगत जाऊ नका, ताई. एकदा सवय लागली की रोज सांगाल,” बॅटरीकाका म्हणाले. मी नुकताच फोन खाली ठेवला होता.

मंगळवार होता, दुपारचा दीड. फोनवर एक म्हातारी बाई विचारत होती, तो परक्या भाषेतला सिनेमा आज आहे ना. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर दोन तिकिटं गेलेली दिसत होती. मी सांगून टाकलं होतं, “नाही आजी, आज रद्द.”

“दोन तिकिटांत कुठला खेळ होतोय, काका?” मी हसले. “उगाच त्यांना हेलपाटा.”

“दोन तास आहेत अजून. पाचवा माणूस कधी येईल सांगता येतं का?”

“तुमचं बरंय. तुमची मुलं हाताशी आली.”

काकांनी हातातली बॅटरी उघडली. आमच्या थिएटरचे ते सगळ्यात जुने डोअरकीपर. अंधारात लोकांना खुर्च्या दाखवण्यात चाळीस वर्षं गेली, म्हणून बॅटरीकाका. त्यांनी बॅटरीतले सेल काढले, सदऱ्याला पुसले, परत घातले. मला वाटलं, म्हातारा माणूस, बोलायला काहीतरी हवं असतं.

आमच्याकडे दोन पडदे आहेत. मोठ्यावर गर्दीचे सिनेमे लागतात, आणि लहानावर बक्षिसं मिळालेले, ज्यांना माणसं मिळत नाहीत. हा दुसऱ्या प्रकारातला. दुसऱ्या महायुद्धातली एका ज्यू घड्याळजीच्या कुटुंबाची गोष्ट. आधी दुकान जातं, मग घर, मग एकेक माणूस मालगाडीत कोंबून छावणीत नेला जातो. भाषा यिडिश. ते नाव मी पोस्टरवर पहिल्यांदा वाचलं. कॉलेजात माझा इतिहास होता, छळछावण्यांवर मी सहा मार्कांची टीप लिहिली होती, साठ लाख हा आकडा अधोरेखित करून. ती माणसं घरात एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलत असतील, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

शुक्रवारी अठरा जण आले, शनिवारी तेरा, रविवारी अकरा, सोमवारी सहा. “आत माणसांपेक्षा पंखे जास्त आहेत,” कँटीनवाला म्हणाला. मॅनेजरसाहेबांचा नियम साधा होता. साडेतीनला पाचाच्या खाली तिकिटं असतील तर खेळ रद्द. “सिनेमा चांगला असेल हो,” ते म्हणायचे, “पण खुर्च्यांना टाळ्या वाजवता येत नाहीत ना.”

लहान पडद्याची खिडकी माझी. खेळ सुरू झाला की शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत मी जागेवरून हलायचं नाही, म्हणजे पावणेसहा. रद्द झाला, तर वितरकाच्या ऑफिसला आकडा कळवायचा आणि सुटायचं. लेकीचं पाळणाघर साडेपाचला बंद होतं.

पावणेदोन वर्षांची आहे ती. हिवाळ्यात ताप चढून तिला झटका आला, तेव्हा मी मोठ्या पडद्याच्या रांगेला तिकिटं फाडून देत होते. पर्समधला फोन सात वेळा वाजून गेला होता. तेव्हापासून माझा जीव टांगणीलाच असतो. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते. नवरा आठवड्यातले पाच दिवस परगावी कामाला. तो म्हणतो, “तू तिला श्वास तरी घेऊ देशील का?”

सोमवारी त्या सहा तिकिटांनी घात केला. मी धावत पोचले तेव्हा लेक बूट घालून दाराशी बसली होती, रडून आवाज बसला होता. पाळणाघराच्या बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. “तुमची नोकरी आहे, मान्य. पण आम्हालाही घरदार आहे. रोज असं होणार असेल तर दुसरीकडे बघा.”

म्हणून मंगळवारी मी खिडकीत बसून पाचवा माणूस येऊ नये म्हणून देवाला विनवत होते. साडेतीनला चार तिकिटं होती. खेळ रद्द. पाच वाजता लेक माझ्या कडेवर होती. पाचवा माणूस दीड वाजताच फोनवर येऊन गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

बुधवारी पुन्हा फोन आला. तोच बारीक, जपून पावलं टाकणारा आवाज.

“तुम्हाला रोज त्रास देते मी. मला तिथवर यायला तास लागतो, म्हणून आधी विचारते. आज आहे?”

मी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. “आजही नाही, आजी.”

“उद्या?”

“उद्या विचारा.”

काका दारात उभे होते. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्या दिवशी तीन तिकिटं गेली.

चारला मी वितरकाच्या ऑफिसला आकडा कळवला. तिथली मुलगी कळवळून बोलली. “आम्ही आणखी एक आठवडा ठेवायला तयार आहोत. भाडंसुद्धा आम्ही सोडू. फक्त आमच्या साहेबांना दाखवायला काहीतरी हवं. कुणी चौकशी करतं का? फोनबिन येतात?”

आणखी एक आठवडा म्हणजे आणखी सात वेळा पावणेसहा. मी म्हटलं, “नाही हो. कुणीच विचारत नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

गुरुवार शेवटचा. फोन बरोबर दीडला वाजला. “आज शेवटचा ना? पेपरात आलंय.”

“हो, पण तोही रद्दच होणार, आजी. एकही तिकीट नाही.” तेवढं मात्र खरं होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या, “तुम्ही तरी काय करणार.”

तीन वीसला कॉलेजची पाच मुलं आली. मोठ्या पडद्याचं हाऊसफुल्ल झालेलं, उन्हात कुठे भटकायचं म्हणून त्यांनी याची तिकिटं काढली. पाच. खेळ लागला. आजींचा नंबर फोनला जोडलेल्या नंबर दाखवणाऱ्या डबीवर दिसत होता. त्यांना यायला तास लागला असता, पण सव्वा तासाचा सिनेमा तरी मिळाला असता. मी रिसीव्हर उचलला. मग काय सांगणार होते? की मघाशी मी खोटं बोलले? मी रिसीव्हर ठेवून दिला आणि शेजारणीला फोन केला, लेकीला आज तू आण म्हणून. शेजारीण म्हणाली, “अगं, एवढंच ना? रोज आणेन की. आधी बोलायला काय झालं होतं तुला?”

रोज आणेन की. तोंडात मारल्यासारखं झालं. चार दिवसांत मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

पाच वाजता मी पहिल्यांदाच आत जाऊन दाराच्या पडद्याशी उभी राहिले. पोरं मोबाइल बघत होती, एक घोरत होता. पडद्यावर एक लहान मुलगी फलाटावर गर्दीत उभी होती आणि आईला हाक मारत होती. “मामे! मामे!” खालची अक्षरं वाचायची गरजच नव्हती. माझ्या छातीत दूध दाटून आलं. मी बाहेर आले.

संध्याकाळी मॅनेजरसाहेब म्हणाले, “सात दिवसांत त्रेपन्न डोकी. असलं आपल्या लोकांना चालत नाही. लिहून टाका.” मी लिहून टाकलं.

शुक्रवारी सकाळी पोस्टर बदलत होते, आणि त्या आल्या. आवाजावरून ओळखण्याआधीच मी ओळखलं. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, कडक इस्त्रीचे कपडे, जणू लग्नाला निघालेली बाई. खिडकीच्या फळीला धरून त्या दम खात उभ्या राहिल्या.

“मीच ती रोज फोन करणारी. म्हटलं, आज समक्ष जावं. काल तरी झाला का हो?”

काका माझ्या मागेच स्टुलावर होते. त्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर टेकल्याचा आवाज मला ऐकू आला.

“नाही,” मी म्हटलं. “कालही नाही झाला.”

आजींनी मान हलवली. “माझंच चुकलं. पहिल्या दिवशीच यायला हवं होतं. पण वाटलं, पहिल्या दिवशी गर्दी असेल, तुम्हा लोकांची गैरसोय.” त्या हसल्या. “गोष्ट मला माहीत आहे हो. गोष्टीसाठी नव्हते येत. मी आठ वर्षांची असताना आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन इकडे आली. बाकीचे कुणी आले नाहीत. घरात आम्ही आमचंच, यिडिश बोलायचो. आई गेली, मग आम्ही दोघी उरलो. धाकटी गेली त्याला अकरा वर्षं झाली.”

“मग आता?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“आता कुणाशी बोलणार? कधी भांडी घासताना बोलून बघते एकटीच. पण समोरून उत्तर आलं नाही की ती भाषा वाटतच नाही. आणि गंमत सांगू? शब्द जायला लागलेत. परवा चमच्याला काय म्हणायचं ते आठवेना. दिवसभर चमचा घेऊन बसले.” त्या खिडकीच्या जाळीजवळ वाकल्या. “तुम्ही पाहिला असेल ना तो? त्यात लहान मूल आहे म्हणे. ते आईला काय हाक मारतं हो? गावागावात वेगळं असायचं. मला ऐकायचं होतं, आमच्यासारखं आहे का.”

मला येत होतं उत्तर. काल पाच वाजल्यापासून माझ्या कानातून ते गेलं नव्हतं. पण काल खेळ झालाच नव्हता ना, मीच सांगितलं होतं.

“मी नाही पाहिला, आजी.”

“असू दे. काम असतं तुम्हाला.” त्यांनी पर्समधून कागद काढला, थरथरत्या अक्षरात पत्ता आणि फोन नंबर लिहिला आणि जाळीखालून आत सरकवला. “परत कधी आला तर कळवाल? तुम्ही रोज इतकं नीट उत्तर देत होतात. नाहीतर लोक फोन आपटतात.”

त्या गेल्या. पायऱ्या उतरायला त्यांना खूप वेळ लागला. मी मागे वळायचं टाळत होते.

“तेव्हाच बोलायला हवं होतं मी,” शेवटी काका म्हणाले. “तुमचा मान जाईल म्हणून गप्प बसलो. आता मीही त्यातच आलो.”

“काका, लेकीसाठी...”

“माहीत आहे. प्रत्येकाचं कुणासाठी तरीच असतं.” त्यांनी कप उचलला आणि ते कँटीनकडे गेले. तेव्हापासून ते मला ताई म्हणत नाहीत. ‘खिडकीवाल्या बाई’ म्हणतात, अगदी आदरानं.

सव्वा महिना झाला. मी वितरकाच्या त्या मुलीला फोन केला, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “तुम्ही त्या बुधवारी हे बोलला असता तर,” एवढंच म्हणाली. प्रत परत गेली होती. मग मी आजींना फोन केला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही दिवशी, वेगवेगळ्या वेळी. आता तर घंटाही वाजत नाही, नुसता सूं आवाज येतो.

त्यांच्या घराखाली मी तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा एकटी. दुसऱ्यांदा लेकीला घेऊन, म्हटलं, मूल बरोबर असलं की माणसं लवकर माफ करतात. हे मनात आल्याचीच लाज वाटली आणि मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत फिरले. तिसऱ्यांदा खिडकीकडे बघत उभी राहिले. खिडकी बंद होती. दुपारी बऱ्याच जणांच्या खिडक्या बंद असतात, असं स्वतःला सांगत घरी आले. वर जाऊन दार वाजवायचं आणि कुणी उघडलंच नाही तर काय, ही एक भीती. आणि त्यांनीच हसत उघडलं तर काय, ही दुसरी. कुठली मोठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून हे लिहितेय. रेल्वे फाटकाजवळ जुना दवाखाना आहे, त्याच्यासमोर चाव्या बनवणारा बसतो. त्याच्या मागची पिवळी तीन मजली इमारत, दुसरा मजला, जिना चढल्यावर डावीकडे. कागदावर त्यांनी कंसात लिहिलंय, ‘बेल बंद आहे, कडी वाजवा.’ तुमच्यापैकी कुणाचं त्या बाजूला जाणं-येणं असेल, तर एकदा वर जाल का? माझा निरोप वगैरे काही देऊ नका. खरं काय झालं ते माझं मीच सांगायचं आहे. तुम्ही फक्त ‘बऱ्या आहात ना?’ एवढं विचारा.

आणि कडी वाजवून दार उघडलं नाही, तर दुपारची वेळ आहे, झोपल्या असतील, असं म्हणून परत फिरू नका. शेजारचं दार वाजवा.