पोळा फुटायच्या आधी

प्रभाकररावांनी नागपूर सोडून बरेच महिने झाले होते, पण नागपूर काही त्यांना सोडायला तयार नव्हतं. नागपूर राजधानी होती तोवर ते तिथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मग राजधानी गेली, कचेऱ्या गेल्या, बरोबरीचे लोक कुणी भोपाळला गेले, कुणी मुंबईला. हे मधल्यामधेच अडकले आणि शेवटी वर्ध्याला येऊन, खेडी पाहायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे दुभाषी झाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ पाहायचा तर प्रभाकररावांकडे पाहावं. वर्ध्याचं पाणी जड, वर्ध्याचा चहा फिका, वर्ध्यात बोलायला माणूस नाही. हे ऐकून ऐकून बायको कमलाबाई थकली होती. खरं सांगायचं तर बोलून बोलून तेही थकले होते. पण एवढी एक ऐट सोडली तर उरतं काय, हा विचार त्यांना सोसत नव्हता.

अशा माणसाच्या मुलीनं आंजीसारख्या खेड्यातलं घर पसंत करावं!

सुंदरा वर्षभर आंजीला बायांच्या शिवणवर्गावर शिकवायला जात होती. तिथल्या तानबाजींचा मुलगा नत्थू तिनं पाहिला होता, त्याची आई पाहिली होती, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते पाहिलं होतं. जात-कूळ जुळत होतं. तिनं बापाला सरळ सांगितलं, "बाबा, मला तिथंच द्या." मुलगी बाविशीला आलेली. दुसरा कुणी बाप असता तर त्यानं देवापुढे नारळ फोडला असता.

वास्तविक मुलीच्या बापानं मुलाच्या दारी जायचं. पण हे जात नाहीत म्हटल्यावर तानबाजीच एकदा विचारायला वर्ध्याला आले. मुलाचा बाप असून आले. आणि प्रभाकररावांनी त्यांना चहा पाजून काय सांगावं? "बघू. काय आहे तानबाजी, नागपूरच्या बाहेर सगळं खेडंच हो. पोरीला जमतं की नाही." तानबाजी हसले, चहा संपवला, बशी पालथी घातली आणि निघाले.

पोळ्याच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. "नाचणगावचे रूपराव आपल्या पोरीसाठी मांगं लागले हायेत. पोळ्याच्या रोजी जेवाले येऊन राह्यले. एकदा पंगत बसली का मले नाई म्हणता येत नाई. पोळा फुटाच्या आंधी तुमचा होकार येऊ द्या, मंग मी त्याईले दुसरं घर पाहा म्हणतो."

सुंदरा दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी प्रभाकरराव विरघळले. पोळ्याच्या दिवशी अमेरिकन पाहुण्यांना घेऊन ते आंजीलाच जायचे होते. "आज सांगून टाकतो," असं त्यांनी मुलीला म्हटलं, आणि तिनं त्यांचा कोट इस्त्री करून दिला. फक्त एक गोष्ट त्यांनी मनात धरली होती. आपण होऊन विषय काढायचा नाही. तानबानं विचारावं, मग आपण हो म्हणावं. एवढा तरी मान राहू नये का माणसाचा?

पाहुणे दोघे होते. उंच, टक्कल पडलेला हॅरिस न्यूयॉर्कचा आणि तांबड्या मानेचा डॉसन शिकागोचा. शेती सुधारायला आलेली ही माणसं आठवडाभर एकमेकांची शहरं काढत होती. हॅरिसच्या मते न्यूयॉर्क सोडलं तर अमेरिकेत नुसती कुरणं होती. डॉसनच्या मते न्यूयॉर्क म्हणजे नुसती तोंडाची वाफ, देश चालवतो तो शिकागो. पवनारला नदीपाशी उभे राहिले तरी पूल कुणाचा मोठा हा वाद, सेवाग्रामला झोपडी पाहिली तरी इमारती कुणाच्या उंच हा वाद. प्रभाकररावांनी मधे दोन-चारदा नागपूरचा विषय काढून पाहिला. दर वेळी दोघांनी "असं का?" म्हटलं आणि पुन्हा आपल्या शहरांवर गेले. त्या दोन शब्दांनी प्रभाकररावांना आठवडाभराच्या उन्हापेक्षा जास्त शिणवलं.

आंजीला पोचले तेव्हा गावाबाहेर आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, बैल उभे राहिले होते. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. समोर आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं. आधी झडत्या व्हायच्या, म्हणजे दोन बाजूंनी एकमेकांना चिडवणारी गाणी म्हणायची. मग पाटलाची जोडी तोरणाखालून जायची, तोरण तुटायचं आणि पोळा फुटायचा. तानबाजी आपल्या जोडीची वेसण नत्थूच्या हाती देऊन प्रभाकररावांच्या शेजारी येऊन उभे राहिले. फेट्याचा शेव सारखा करू लागले.

आता विचारेल, असं प्रभाकररावांना वाटलं. आता सांगेल, असं बहुधा तानबाजींना वाटत असावं.

तेवढ्यात डॉसननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "यांना सांगा, आमच्या शिकागोत रोज याच्या शेकडो पटीनं गुरं येतात. जगात कुठं येत नाहीत एवढी."

दमलेला माणूस जसं कानावर पडतं तसं तोंडावाटे सोडतो. प्रभाकररावांनी सांगून टाकलं. आखरावर एकदम गलका उसळला.

"रोज? बापा रे! म्हणजे त्याईच्या इथं रोजच पोळा!"

"लय पुण्यवान शहर हाय म्हणा ना!"

तानबाजींनी हात जोडून डॉसनला नमस्कार केला. "इचारा त्याईले, तोरण केवढं बांधतात?"

तेव्हा प्रभाकररावांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. शिकागोत गुरं येतात ती कत्तलखान्यात, हे त्यांना ठाऊक होतं. पोळ्याच्या दिवशी, पूजेच्या बैलांसमोर ते कसं सांगायचं? "मोठं असतं," ते म्हणाले, "फार मोठं." एका खोट्याला दुसरं लागलं, दुसऱ्याला तिसरं. बैल कोणत्या जातीचे, झुली कुणाच्या, पुरणपोळी कोण खाऊ घालतं, सगळ्याला उत्तरं देता देता त्यांची जीभ सुकली.

हॅरिसला काही कळेना, पण सगळे शिकागोकडे पाहून हात जोडताहेत एवढं दिसत होतं. तो तापला. "न्यूयॉर्कचं सांगा! शंभरावर मजल्यांची इमारत आहे म्हणावं!" प्रभाकररावांनी तेही सांगितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "त्यात बैल कुठं बांधतात?" बांधत नाहीत म्हटल्यावर न्यूयॉर्कचा निकाल तिथंच लागला. कुणीतरी लगेच झडती जुळवली.

"शिकागोचा पोळा, बैलांचा मेळा,
न्यूयार्कच्या घरी नुसताच माळा!
हर बोला, हर हर महादेव!"

सगळा आखर हसला. डॉसन अर्थ विचारू लागला, हॅरिस त्याहून जोरात विचारू लागला. एक उजव्या कानात, एक डाव्या कानात. दोघांच्या मधे प्रभाकरराव, आणि पलीकडे तानबाजी, अजून उभे. त्यांनी एकदा मान वळवून प्रभाकररावांकडे पाहिलंही. आत्ता एक शब्द बोलावा, असं प्रभाकररावांच्या अगदी ओठांवर आलं. पण विचारलं कुठं त्यानं? हॅरिस एव्हाना अर्थ विचारायचं सोडून पुन्हा न्यूयॉर्कवर आला होता.

"तो साहेब काय म्हणून राह्यला?" तानबाजींनी हॅरिसकडे बोट दाखवून विचारलं.

प्रभाकररावांनी सवयीनं जसंच्या तसं सांगितलं. "म्हणतो, न्यूयॉर्कच्या बाहेर सगळं खेडंच."

तानबाजी हसले. राग नव्हता त्या हसण्यात, आणि तेच वाईट होतं. "तुमच्यावाणीच बोलते," ते म्हणाले.

डफडं कडाडलं. पाटलाची जोडी तोरणाखाली शिरली, पानं उडाली, बैल उधळले, धुळीत नत्थू वेसणीला लोंबकळत पुढे गेला. पोळा फुटला. तानबाजींनी धोतर झटकलं. "चालतो जी. घरी पाव्हणे येऊन बसले असतीन," म्हणाले, आणि बैलांच्या मागे गेले. प्रभाकररावांनी हाक मारायला हात वर केला. हॅरिसला वाटलं तो आपल्यासाठीच, म्हणून तो आणखी जवळ सरकून बोलू लागला.

परतताना जीपमधे दोघांचा समेट झाला होता. डॉसननं मागे वळून प्रेमानं विचारलं, "आणि तुमचं शहर कोणतं, मिस्टर प्रभाकर?"

आठवडाभरात त्यांनी हे कितीदा सांगितलं होतं. पुन्हा सांगण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

"वर्धा," ते म्हणाले.

घरी सुंदरा ओट्यावर उभी होती. हातात ओवाळणीचं ताट. वर्ध्याच्या गल्लीतल्या बैलांना ओवाळून झालं असावं, कारण निरांजन विझलं होतं.

"फुटला पोळा?" तिनं विचारलं.

"फुटला."

"बोललात तुम्ही?"

प्रभाकररावांनी बूट काढायला खाली वाकून घेतलं. नाडी सुटत नव्हती. "त्यांनी विचारलंच नाही गं," ते म्हणाले.

ताट खाली ठेवून सुंदरानं बापाच्या अंगातला कोट काढून घेतला आणि त्यावरची आंजीची धूळ झटकली.

"ते एकदा येऊन विचारून गेले होते, बाबा," ती म्हणाली, आणि आत गेली.