तिकीट तपासनिसाची वेबसाइट

“दाजी, तठे काहीच नही शे,” धुळ्याहून अभिमन फोनवर सांगत होता. “‘लवकरच येत आहे’ इतलंच लिखेल शे.”

लोटननानांनी समोरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावर त्यांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा, हिरव्या लुगड्यातला फोटो होता आणि खाली त्यांनी गायलेली कानबाई देवीची गाणी ओळीने लावलेली होती. बटण दाबलं की गाणं वाजत होतं. आणि बाईंचा सख्खा भाऊ म्हणत होता, काहीच नाही.

नानांनी सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासण्यात घालवली होती. झोपेचं सोंग घेतलेला फुकट्या त्यांना गाडीच्या पायरीवरूनच ओळखू यायचा. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा तराजू, सगळ्यांकडे त्यांची तीच नजर. एकदा अमळनेरच्या गाडीत अभिमनच विनातिकीट सापडला. तपासायला दाजीच आले म्हणून तो हसला, तर नानांनी भरल्या गाडीत त्याच्याकडून दंड वसूल केला. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलायचा. तो राग आता बाहेर पडतोय, असा नानांनी हिशेब लावला आणि फोन ठेवून दिला.

सुनंदाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. श्रावणात घरोघरी कानबाई बसली की त्यांच्या मेहरूण भागातल्या गल्ल्यागल्ल्यांतून बायका त्यांना गायला घेऊन जात. नाना तेव्हा ड्युटीवर असायचे. घरी असले तरी दोन ओळी कानावर पडल्या की पेपर उघडायचे. बाई गेल्यावर त्यांच्या मोबाइलमध्ये गाणी सापडली, दुपारी एकटीने बसून रेकॉर्ड केलेली. ती वर्षश्राद्धाच्या आत सगळ्या नातलगांना ऐकू यावीत, एवढंच नानांनी मनाशी धरलं.

वेबसाइट कशी करायची ते त्यांनी व्हिडिओ पाहून शिकून घेतलं. सांगाडा तयारच मिळतो, आपण त्यात फोटो, मजकूर, आवाज भरायचे. पण नानांचा विश्वास कशावर बसेल तर शपथ. पासवर्ड त्यांनी गव्हाच्या कोठीत दडवला. कुणा परदेशी माणसाने ‘तुमची साइट सुंदर आहे’ असं लिहून पाठवलं, तेव्हा हा घरफोड्याच असणार म्हणून रात्री कडी दोनदा तपासली. पहिल्या दिवशी व्हिडिओतल्या मुलाने सांगितलं होतं, काम चालू असेतोवर साइटच्या बाहेर पाटी लावून ठेवा. ती त्यांनी लावली आणि विसरून गेले. मग एकेक गाणं चढवायचं, वाजतंय एवढं तपासायचं, की पुढचं.

काम झाल्यावर त्यांनी सगळ्यांना लिंक पाठवली. जुना कंडक्टर चुडामण म्हणाला, एक नंबर काम. शेजारच्या मंजुळाबाईंच्या म्हणे डोळ्यांत पाणी आलं. पुण्याला दिलेल्या ज्योत्स्नाने लिहिलं, ‘खूप छान झालीय, नाना.’ लेकीचा तो निरोप नानांनी पुन्हा पुन्हा वाचला. एकटा अभिमन तेवढा रोज सकाळी फोन करून काहीच दिसत नाही म्हणायचा. शेवटी नानांचं डोकं फिरलं.

“बठ्ठा लोकेसले दिखस, तुले एकल्यालेच दिखत नही? तुना राग माले समजस, अभिमन. खोटंच बोलनं व्हई, तर वर्षश्राद्धले येऊ नको.”

त्यानंतर सकाळचे फोन बंद झाले.

वर्षश्राद्धाला अभिमन खरंच आला नाही. पाठचा भाऊ बहिणीच्या श्राद्धाला नाही, याची कुजबुज पंगतीत झालीच. जेवणं उरकली, पानसुपारी फिरली, आणि चुडामणने पुन्हा वेबसाइटचं कौतुक काढलं. नाना सुखावले. पण जुनी खोड. तिकीट हरवलं म्हणणाऱ्याला ते विचारायचे, कुठल्या थांब्यावर चढलात? तसंच त्यांनी सहज विचारलं, कोणतं गाणं आवडलं?

चुडामणने सुपारी या गालातून त्या गालात नेली. “बठ्ठाच गाना भारी शेतस ना, नाना.”

नाना मंजुळाबाईंकडे वळले. फोटोतलं लुगडं कोणत्या रंगाचं आहे? लालच असेल, बाईंना लाल आवडायचं, असं म्हणून मंजुळाबाईंनी पदर सारखा केला.

नाना उठले. आयुष्यभर तिकिटासाठी करत आले तसा हात त्यांनी ज्योत्स्नापुढे धरला. तिने मोबाइलवर साइट उघडून दिली. कोऱ्या पडद्यावर एकच ओळ होती, ‘लवकरच येत आहे’.

ज्योत्स्ना कॉम्प्युटरपाशी जाऊन पाहून आली. “नाना, तुम्ही ती पाटी काढलीच नाही. तुम्ही मालक म्हणून आत शिरलेले, त्यामुळे तुम्हाला सगळं दिसतं. बाहेरच्याला नुसती पाटी.”

“मग छान झालीय म्हणालीस, ते काय पाहून?”

तिने मान खाली घातली. “उघडलीच नव्हती. वेळ झाला नाही, आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

नानांना तिचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. सगळी गाडी विनातिकीट होती, आणि तिकीट काढलेल्या एकाच माणसाला त्यांनी खाली उतरवलं होतं.

ज्योत्स्ना करून देते म्हणाली, पण ते स्वतः बसले. चाचपडत ती पाटी शोधली, काढली, तिच्या मोबाइलवर खात्री करून घेतली. मग सगळ्यांच्या देखत धुळ्याला फोन लावला.

“अभिमन, मनीच चूक व्हती. आते दख.”

अभिमन म्हणाला, “फोन कराना बंद कया, पन साइट मी रोज सकायले उघाडी दखस, दाजी. अक्काना आवाज शे ना त्यामा.”

तिकडे बटण दाबल्याचा टक् आवाज झाला, आणि धुळ्यात सुनंदाबाई गायला लागल्या. अभिमनने फोन ठेवला नव्हता. आवाज बारीक येत होता, मधे त्याचं नाक ओढणं येत होतं. नाना फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभे राहिले. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीत बाई मधेच थांबून हसल्या आणि पुन्हा गायला लागल्या. ते हसू नानांनी कधी ऐकलंच नव्हतं.

निघतो म्हणून सांगायला चुडामण पुढे आला. नानांनी हातानेच त्याला थांबवलं. गाणं अजून संपलं नव्हतं.